घेणंदेणं

बटाट्याच्या वावरात टोर्स्टेनला ते नाणं सापडलं
त्याला आता सत्तेचाळीस वर्षं झाली.
पातळ, काळपट, काठाशी कुरतडल्यासारखं,
आणि वर मुंग्यांची रांग चालावी तशी अक्षरं.
म्युझियमवाल्यांनी नेलं, पावती दिली.
हिवाळ्यात पत्र आलं: समरकंद. हजाराहून अधिक वर्षं जुनं.
टोर्स्टेन म्हणाला, कुठलं ते समरकंद, कुठलं आपलं गॉटलँड,
त्यांचं आपलं काय घेणंदेणं?
आणि पत्र घडी करून पिठाच्या डब्यामागे खोचलं.

मी काही बोलले नाही.
मी बस चालवायची, हेम्से ते विस्बी, दिवसाला तीन फेऱ्या.
मला एवढंच ठाऊक होतं, की रस्ता असला
की माणसं दोन्ही टोकांना चढतात.

आता टोर्स्टेन नाही. माझा मोतीबिंदू काढून झाला,
आणि वाचनालयातली बाई दर गुरुवारी
या वृद्धाश्रमात जाड जाड पुस्तकं आणून देते.
नकाशावर बोट ठेवून मी निघते:
समुद्र, लाडोगा सरोवर, मग एक नदी,
ती संपते तिथे होडी ओढत जमिनीवरून, मग दुसरी,
मग व्होल्गा, व्होल्गाकाठचा बाजार,
आणि तिथून पुढे उंट.
बोटाला एक मिनिट लागतं.
त्यांना किती उन्हाळे लागले असतील?

पुस्तकांचं आपसात पटत नाही.
एक लेखक म्हणतो व्यापार, दुसरा म्हणतो लूट,
तिसरा चाळीस पानं नुसती नाण्यांची वजनं करत बसतो.
मला तिसरा आवडतो.
माझ्या आईसारखा आहे, बोलायच्या आधी तराजू काढणारा.

चांदी तिकडून आली, हे तिघांनाही मान्य.
इकडून काय गेलं?
मेण, मध, बीव्हरची कातडी, तलवारी,
आणि खाली तळटिपेत, भिंग घ्यावं लागलं इतक्या बारीक टायपात:
माणसं.
कुठली, किती, कुणाची, याच्यापुढे लेखकाने
एक प्रश्नचिन्ह ठेवलंय आणि पान उलटलंय.
मी नाही उलटलं.
त्या रात्री दिवा तसाच राहिला.

रात्रपाळीची महफुजा बुखाऱ्याकडची आहे.
तिला मी नाण्याचा फोटो दाखवला. म्हटलं, वाच बाई, तुमचं आहे.
तिने पुस्तक उलटसुलट धरलं, मग हसली.
म्हणाली, गुन्वोरबाई, मला पण नाही येत.
आजोबांना ही अक्षरं यायची. आईला शाळेत रशियन लिपी शिकवली,
मला थोडी ती, थोडी लॅटिन.
आमच्या घरात आजोबांची एक वही आहे,
कुणालाच वाचता येत नाही, म्हणून कुणी फेकतही नाही.

मग आम्ही दोघी बराच वेळ
एकाच फोटोकडे बघत बसलो, सारख्याच अडाणी.
मी तिला तळटीप दाखवली नाही.
तीच वाचत होती, बोटाने, हळूहळू, स्वीडिश जुळवत.
शेवटचा शब्द तिला अडला नाही.

तिने विचारलं, नाण्याला हे खड्डे कशाचे?
मी सांगितलं, चांदी खरी की खोटी बघायला
इथले लोक सुरीचं टोक टोचून पाहायचे.
आणि माणसं? ती म्हणाली.
माणसं घेताना तिकडचे काय बघत असतील?
तिसऱ्या लेखकानेही हे लिहिलेलं नाही.

टोर्स्टेन, पिठाच्या डब्यामागचं ते पत्र
घर विकलं तेव्हा माझ्या हाती लागलं नाही.
तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला
सत्तेचाळीस वर्षं आणि अकरा पुस्तकं लागली,
आणि तेही अर्धंच आहे.

पावणेदहा वाजले होते.
महफुजाने पुस्तकात खूण घातली, ट्रॉली जवळ ओढली,
माझी साखर बघायची होती.
म्हणाली, बोट द्या, जरासं टोचेल.
मी नकाशावरचं बोट उचललं
आणि तिच्या हातात दिलं.